मोठी चाके बसवा, पण घासू देऊ नका : कालगुर्लीकरांसाठी चाके आणि टायर यांची माहिती



कालगुर्लीत नवीन आलेले कुटुंब पहिल्या वर्षी बहुधा एखादी वापरलेली मोटार घेते. एक-दोन वर्षे गेली की घरातल्या कोणाला तरी, बरेचदा नुकतेच लायसन हातात पडलेल्या चिरंजीवांना किंवा कन्येला, त्या मोटारीची चाके लहान आणि जुनाट वाटू लागतात. मग वापरलेल्या अलॉय चाकांची जाहिरात दिसते, सौदा स्वस्तात होतो आणि शनिवारी सकाळी चाके चढवलीही जातात. दारात उभी असताना गाडी देखणी दिसते. पण पर्थला जायचे म्हणून चार-पाच माणसे बसली, डिकी भरली आणि पहिल्याच वळणावर मागून खर्र असा आवाज आला, की खरा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. टायरची बाजूची भिंत, म्हणजे रिम आणि रस्त्यावर टेकणारा भाग यांच्यामधला रबर, हा टायरचा सर्वांत नाजूक भाग असतो. तिथे पत्र्याची धार लागत राहिली तर ती चिरत जाते, आणि अशी चीर पंक्चरसारखी जोडता येत नाही. कालगुर्ली ते पर्थ हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर. त्यात कूलगार्डी ते सदर्न क्रॉस हा जवळजवळ १९० किलोमीटरचा टप्पा असा, की मध्ये गाव म्हणावे असे काही नाही. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाला, समोरून रोड ट्रेन येत असताना टायर फुटणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मोठी चाके बसवूच नयेत असे या लेखाचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की "किती इंची चाक बसेल?" हा प्रश्न अपुरा आहे. घासणे न घासणे तीन आकड्यांवर ठरते : टायरची एकूण उंची, त्याची रुंदी आणि रिमचा ऑफसेट. हे तिन्ही आकडे पैसे देण्याआधी कागदावर मांडता येतात, आणि त्याला लागते फक्त शाळेतले गणित.

चाक का घासते?

बैलगाडीचे चाक गाडीच्या बाहेर असते. धाव थोडी रुंद केली तरी वरून झाकणारे काही नसते. मोटारीचे चाक मात्र कमानीच्या आत बसते. शिवाय ते तिथे स्थिर नसते. खड्ड्यात ते वर जाते, वळणावर पुढची चाके तिरकी होतात, आणि ओझे वाढले की सगळी गाडीच खाली बसते. म्हणून सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीत दिसणारी फट ही खरी फट नव्हे.

घासण्याच्या नेहमीच्या जागा अशा :

१. पुढे, आतल्या बाजूला : स्ट्रट किंवा त्यावरची स्प्रिंगची थाळी. इथे घासले तर सतत घासते, म्हणून ही सर्वांत धोक्याची जागा.
२. पुढे, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर : कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर, बंपरचा कोपरा, मडफ्लॅप. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चॅसिसही.
३. मागे, बाहेरच्या बाजूला : मडगार्डच्या पत्र्याची आत वळवलेली धार. गाडी भरलेली असताना खड्डा आला की इथे लागते.
४. मागे, आतल्या बाजूला : सस्पेन्शनचे दांडे, ब्रेकची नळी.

टायरवरचे आकडे कसे वाचावेत?

समजा टायरवर १९५/६५ आर १५ असे लिहिले आहे. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ हा रिमचा व्यास इंचांत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आता गणित :

भिंतीची उंची : १९५ × ०.६५ = १२६.७५ मि.मी.
रिम : १५ × २५.४ = ३८१ मि.मी.
एकूण उंची : ३८१ + (२ × १२६.७५) = ६३४.५ मि.मी.

हा माप अनेक मध्यम आकाराच्या मोटारींना असतो, म्हणून उदाहरणासाठी तोच धरू. त्याच्या जागी इतर माप घातले तर काय होते ते पाहा :

२०५/५५ आर १६ : एकूण ६३१.९ मि.मी., भिंत सुमारे ११३ मि.मी.
२२५/४५ आर १७ : एकूण ६३४.३ मि.मी., भिंत सुमारे १०१ मि.मी.
२२५/४० आर १८ : एकूण ६३७.२ मि.मी., भिंत ९० मि.मी.
२१५/६० आर १६ : एकूण ६६४.४ मि.मी., भिंत १२९ मि.मी.

यात एक गंमत लक्षात येईल. रिम १५ वरून १८ इंच झाली तरी टायर योग्य निवडल्यास एकूण उंची जेमतेम ३ मिलिमीटरने वाढते. उलट शेवटच्या ओळीत रिम फक्त एक इंचाने वाढली, पण उंची ३० मिलिमीटरने वाढली. कमानीत घासण्याची भीती १८ इंचीपेक्षा या १६ इंचीची जास्त. म्हणजे इंच पाहून निर्णय घेऊ नये.

आकड्यांतली रुंदीही अगदी तंतोतंत धरू नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने कमीजास्त असतात. रिम अर्ध्या इंचाने रुंद असेल तर तोच टायर साधारण ५ मिलिमीटरने फुगून बसतो. आणि कच्च्या रस्त्यासाठीच्या टायरचे खांदे जाड असतात, ते वळताना आधी लागतात.

ऑफसेट म्हणजे काय?

हा शब्द बहुतेकांना नवा असतो, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. रिम हबला जिथे टेकते ती बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे तो "ईटी ४५" असा कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते, वाढला की आत जाते.

समजा मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी ४५ आहे, आणि नवीन ७.५ इंच रुंद, ईटी ३५ आहे.

मूळ : अर्धी रुंदी ७६.२ मि.मी. आत ७६.२ + ४५ = १२१.२. बाहेर ७६.२ − ४५ = ३१.२.
नवीन : अर्धी रुंदी ९५.२५ मि.मी. आत ९५.२५ + ३५ = १३०.२५. बाहेर ९५.२५ − ३५ = ६०.२५.

म्हणजे नवीन रिम स्ट्रटच्या ९ मिलिमीटर जवळ आली आणि मडगार्डच्या दिशेने २९ मिलिमीटर बाहेर गेली. आता मोटारीपाशी जाऊन आत ९ आणि बाहेर २९ मिलिमीटर मोकळी जागा आहे का, एवढेच पाहायचे. वर टायरचा फुगवटा असतो, त्यासाठी आणखी काही मिलिमीटर हाताशी ठेवायचे.

ऑफसेटबरोबर आणखी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक, नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. दोन, मधले भोक. ते हबपेक्षा मोठे असेल तर बरोबर मापाची कडी घालावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. तीन, नटांचा आकार. अनेक मूळ अलॉय चाकांचे नट सपाट वॉशरचे असतात, तर बाहेरच्या बऱ्याच चाकांना शंकूच्या आकाराचे नट लागतात. जुने नट नव्या रिमला लावले तर ते घट्ट वाटतात, पण नीट बसत नाहीत आणि पुढे सैल होतात.

इथले नियम काय सांगतात?

ऑस्ट्रेलियात गाडीतल्या बदलांसाठी व्हीएसबी १४ नावाची राष्ट्रीय संहिता आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे परिवहन खातेही तिच्या आधारेच बदल तपासते. घरच्या मोटारीपुरते महत्त्वाचे मुद्दे असे :

• ड्रायव्हरच्या दाराजवळच्या टायरच्या माहितीपट्टीवर कंपनीने मान्य केलेली मापे असतात. प्रवासी मोटारीला त्यांपैकी सर्वांत मोठ्या टायरपेक्षा १५ मिलिमीटरहून अधिक उंच, किंवा सर्वांत लहान टायरपेक्षा २६ मिलिमीटरहून अधिक बुटका टायर चालत नाही. वरच्या उदाहरणातला २१५/६० आर १६ इथेच बाद होतो.
• टायरची रुंदी पट्टीवरच्या सर्वांत रुंद टायरच्या १.३ पटीपेक्षा जास्त नको.
• दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू नये. ऑफसेट १० ने कमी केला तर हे अंतर दुप्पट, म्हणजे २० ने वाढते. वरचे उदाहरण नियमात बसते, पण काठावर.
• चाके सरळ असताना टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये, आणि कोणत्याही स्थितीत तो बॉडी, ब्रेक, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगला लागता कामा नये.
• हब आणि रिम यांच्यामध्ये चकत्या, म्हणजे स्पेसर, घालून चाक बाहेर काढण्यास मनाई आहे. कंपनीनेच मुळात बसवलेले असतील तर गोष्ट वेगळी.
• टायरची भार पेलण्याची क्षमता माहितीपट्टीपेक्षा कमी नको.

शेवटचा मुद्दा सहज नजरेआड होतो. टायरवर मापानंतर ९१, ८८ असा आकडा असतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायर ९१ चा असताना २२५/४० आर १८ मध्ये ८८ चा घेतला, तर प्रत्येक चाकामागे ५५ किलो क्षमता गेली. त्याच मापात ९२ चा, म्हणजे ६३० किलोचा, जास्त भाराचा टायर मिळतो. तोच मागा.

नियमाबाहेरची गाडी पोलिसांनी थांबवली तर पिवळा स्टिकर लागतो, आणि दुरुस्ती करून तपासणी होईपर्यंत डोक्याला ताप. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विमा. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर भरपाई अडू शकते. "आमच्या पुण्यात सगळे बसवतात" हा सल्ला इथे कामाचा नाही. खरे तर तिथेही गाडीचे स्वरूप कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर

खाणीत काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींकडे यूट किंवा मोठी फोर व्हील ड्राइव्ह असते. या गाड्यांना उंचीची मर्यादा सैल, म्हणजे माहितीपट्टीपेक्षा ५० मिलिमीटर अधिक अशी आहे. पण तिथेही गणित करावे लागते. समजा पट्टीवर सर्वांत मोठे माप २६५/६५ आर १७ आहे, म्हणजे ७७६.३ मिलिमीटर.

२६५/७० आर १७ : ८०२.८ मि.मी., वाढ २६.५. नियमात.
२८५/७० आर १७ : ८३०.८ मि.मी., वाढ ५४.५. साडेचार मिलिमीटरने नियमाबाहेर.

हा दुसरा टायर "तेहतीस इंची" म्हणून लोकप्रिय आहे. तो पुढे चॅसिसला आणि अस्तराला लागण्याची शक्यताही बरीच. शिवाय स्पीडोमीटर ७ टक्के फसतो. आधी अचूक असलेला काटा ११० दाखवत असेल तेव्हा गाडी जवळजवळ ११८ ने धावत असते. इथल्या मानकांनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू नये, आणि कॅमेरा काही टायरचे माप विचारत नाही. गाडी उचलण्याचा विचार असेल तर परिवहन खात्याकडे आधी चौकशी करून, लागल्यास परवानगी घेऊन मगच काम करा. कंपनीने दिलेल्या गाडीला तर हात लावूच नका.

घरच्या घरी मोजणी

१. मूळ चाके असताना आधी फट मोजून ठेवा : आत स्ट्रटपर्यंत, बाहेर मडगार्डच्या धारेपर्यंत. स्टिअरिंग सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत.
२. जिथे पट्टी जात नाही तिथे मुलांची खेळण्याची माती किंवा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवा. गाडी सावकाश पुढेमागे करून, स्टिअरिंग वळवून पाहा. गोळा जेवढा दबला, तेवढीच फट. कालगुर्लीच्या हवेत कणीक लगेच सुकते, तेव्हा काम भरभर उरका.
३. नवी चाके दुकानात घेत असाल तर चारही टायर चढवण्याआधी एकच चाक पुढे आणि मग तेच मागे लावून दाखवायला सांगा. टायर चढवून गाडी रस्त्यावर गेली की दुकान ते परत घेण्याची शक्यता कमी.
४. आतल्या बाजूला स्ट्रट आणि टायर यांच्यामधून करंगळी सहज फिरली पाहिजे. बाहेर याहून जास्त जागा हवी, कारण तिथे चाक वरखाली होते.
५. आता गाडी भरा. पर्थला जाताना बसतात तेवढी माणसे बसवा, परत येताना असते तेवढे सामान डिकीत ठेवा. टायरच्या खांद्यावर खडूने पट्टा ओढा आणि रिकाम्या मैदानात सावकाश फिरवा. एक चाक उतारावर चढवून दोन्ही बाजूंना वळवा. खडू जिथे पुसला, तिथे टायर लागतो.
६. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असते.

जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांना पुन्हा एकदा सांगा.

घासलेच तर?

आधी जागा शोधा. टायरवर चकचकीत पट्टा, अस्तरावर काळा डाग, जळक्या रबराचा वास या खुणा असतात.

अस्तर किंवा मडफ्लॅप लागत असेल तर उपाय सोपा : सुटलेली क्लिप बसवणे, अस्तर मागे बांधणे, मडफ्लॅप थोडा कापणे. मागच्या मडगार्डची धार लागत असेल तर ती यंत्राने आत दुमडता येते. पण हे जाणकाराकडूनच करून घ्या, कारण रंग तडकला की एस्परन्सच्या खाऱ्या हवेत जाऊन आल्यावर तिथे गंज धरतो. चाकांची अलाइनमेंट तपासून घेतल्यानेही कधी कधी दोन-चार मिलिमीटर मिळतात.

स्ट्रट, चॅसिस किंवा ब्रेकच्या नळीला लागत असेल तर जोडतोड नको. चाक किंवा टायर बदला. हवा जास्त भरून, चकत्या घालून किंवा चॅसिसचा भाग कापून हा प्रश्न सोडवू नका. हवेने घासणे थांबत नाही, आणि बाकीचे दोन उपाय गाडी बेकायदा करतात.

कालगुर्लीसाठी विशेष

इथे उन्हाळ्यात चाळिशीच्या वर तापमान जाणे नवीन नाही. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना, पुस्तिकेप्रमाणे भरा. उन्हात तापलेल्या टायरची हवा काढून दाब "बरोबर" केला, तर रात्री तो कमी पडतो, भिंत फुगते आणि काठावरचे माप घासू लागते.

गावाबाहेर डांबर संपले की खडी सुरू होते. रोड ट्रेनला जागा देताना डांबराच्या कडेवरून चाक खाली उतरते, तेव्हा ९० मिलिमीटरच्या भिंतीला मार सोसवत नाही, रिमच वाकते. म्हणून गावात फिरणाऱ्या गाडीला १७-१८ इंची शोभते, पण दर महिन्याला पर्थ किंवा एस्परन्स करणाऱ्या कुटुंबाच्या एकुलत्या एक गाडीला मूळ मापापेक्षा एकच इंच मोठी रिम पुरे, असे आमचे मत.

स्टेपनी विसरू नका. नव्या चाकांच्या उंचीशी जुळणारी पूर्ण मापाची स्टेपनी ठेवा आणि तिचे नट तिच्याजवळच ठेवा. चारही चाकांना सतत जोर देणाऱ्या गाडीत एका चाकाची उंची वेगळी असेल तर गिअरच्या बाजूचा खर्च टायरच्या कित्येक पट होतो.

सौदा करण्याआधी

जाहिरात पाहिल्यावर विक्रेत्याला हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या : रिमची रुंदी, ऑफसेट, नटांचे वर्तुळ, मधले भोक, टायरचे माप, भाराचा आकडा, टायर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. हे शेवटचे टायरवर चार अंकांत असते. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. विक्रेता ऑफसेट सांगू शकत नसेल तर रिम उलटी करून स्वतः पाहा. तोही आकडा सापडला नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी सौदा सोडून द्या.

घरातल्या तरुण मंडळींनी हे गणित स्वतः करावे आणि आईबाबांनी ते तपासावे, ही विनंती. चाके निवडण्याचा आनंद त्यांचा, आणि गाडीत बसणारे सगळे आपलेच.

आपला प्रवास सुखाचा होवो.